भाव का वाढला? कूलरची ताटी आणि समोरच्याच्या मनातलं

मे महिना संपत आलाय, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले कडक नऊ दिवस लागलेत, पारा ४५ च्या वर. नागपुरात बर्डीतल्या एखाद्या दुकानात काल कूलरच्या ताट्यांचा (ओल्या राहून हवा गार करणाऱ्या जाळीदार चौकटींचा) संच ३०० रुपयांना होता, आज दुकानदार ४०० सांगतो. माल कालचाच, त्याची खरेदीही जुन्याच भावाची. मधल्या मधे फक्त ऊन वाढलं. आकडे मी मनाने घेतलेत, प्रसंग मात्र कोणत्याही नागपूरकराच्या ओळखीचा आहे. दुकानदाराने केलं ते योग्य की अयोग्य?

चारचौघांना विचारा. "लुटून राहिला ना भाऊ तो!" हेच उत्तर येईल. अर्थशास्त्राचं पुस्तक मात्र दुकानदाराच्या बाजूने उभं राहतं. मागणी वाढली आणि माल तेवढाच असला की भाव चढायलाच हवा, असं ते म्हणतं. भाव चढला नाही तर सकाळी सकाळी येणारा चार संच उचलून नेईल आणि ज्याच्या घरी म्हातारी आई उकाड्याने हैराण आहे तो दुपारी येऊन रिकाम्या हाताने परत जाईल. हा युक्तिवाद मूर्खपणाचा अजिबात नाही. तरीही माणसांना तो पटत नाही. का पटत नाही, याचा शोध घेताना संशोधकांना जे सापडलं ते भावापेक्षा माणसाच्या मनाबद्दल जास्त सांगतं.

डॅनियल कानेमन, जॅक क्नेत्श आणि रिचर्ड थेलर या तिघांनी कॅनडातल्या टोरांटो आणि व्हँकुव्हर शहरांतल्या लोकांना फोन करून असे प्रश्न विचारले. त्यांचा लेख १९८६ मध्ये छापून आला. (कानेमन यांना पुढे २००२ मध्ये आणि थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) त्यांच्या प्रश्नात कूलरऐवजी बर्फ होता. हार्डवेअरचं दुकान बर्फ उपसायची फावडी १५ डॉलरला विकतं, रात्री मोठं हिमवादळ येतं, सकाळी दुकानदार भाव २० डॉलर करतो. ८२ टक्के लोकांनी हे अन्यायाचं ठरवलं. आपल्याकडे बर्फ दिसतो तो रसवंतीत, पण भावना तीच आहे. हाच प्रश्न थेलर यांनी शिकागोतल्या एमबीएच्या विद्यार्थ्यांना विचारला, तेव्हा बहुतेकांना त्यात काही गैर वाटलं नाही. शिक्षणाने माणूस बदलतो, तो असा!

आता प्रश्न जरा फिरवू. कारखान्यानेच भाव वाढवला, म्हणून दुकानदाराने ताट्यांचा भाव वाढवला, तर? मग आपण कुरकुरतो, पण त्याला चोर म्हणत नाही. त्या तिघांच्या पाहणीतही हेच दिसलं. खर्च वाढला म्हणून भाव वाढवणं लोकांना मान्य, नुसती गरज वाढली म्हणून वाढवणं अमान्य. जणू एक न लिहिलेला करार असतो. गिऱ्हाइकाचा हक्क नेहमीच्या भावावर, दुकानदाराचा हक्क नेहमीच्या नफ्यावर. स्वतःचा नेहमीचा नफा वाचवायला त्याने भाव वाढवला तर चालतं. माझ्या अडचणीतून जास्तीचा नफा काढला तर चालत नाही.

हा करार प्रत्येक दुकानदाराला तोंडपाठ आहे. म्हणून भाव वाढला की इतवारीपासून धरमपेठेपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: "मागूनच महाग आली ना भाऊ." ते खरं की खोटं, खरेदीचं बिल कोण मागतो? पण त्या वाक्याने व्यवहाराचा अर्थ बदलतो. आता तो मला लुटत नसतो, आम्ही दोघंही मागच्या कुणाच्या तरी हातून लुटले जात असतो.

सरकारसुद्धा ही भावना ओळखून असतं. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरायला लागली तेव्हा केंद्र सरकारने जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली मास्क आणि सॅनिटायझरच्या भावावर मर्यादा घातली. तीन पदरी मास्क १० रुपये, दोन पदरी ८ रुपये आणि २०० मिलीलीटर सॅनिटायझरची बाटली १०० रुपये. अशा भावमर्यादेने माल बाजारातून गायब होतो की नाही, हा वाद जुना आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. पण साथीत कुणी कमाई केली तर लोकांच्या मनात काय येईल, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

'नेहमीचा भाव' म्हणजे नेमका कोणता, इथे मात्र आपली न्यायबुद्धी सहज चकते. त्याच पाहणीत मोटारगाडीचा प्रश्न होता. एका मॉडेलचा तुटवडा आहे. विक्रेता आजवर कंपनीने ठरवलेल्या भावाला गाडी विकायचा, आता २०० डॉलर वर मागतो. ७१ टक्के लोकांनी अन्याय म्हटलं. दुसऱ्या गटाला सांगितलं की विक्रेता आजवर २०० डॉलर सूट द्यायचा, आता सूट बंद करून ठरलेल्या भावाला विकतो. इथे ५८ टक्क्यांना ते मान्य झालं. दोन्हीकडे गिऱ्हाइकाच्या खिशातून २०० डॉलरच जास्त गेले. एकीकडे ते 'वाढवले' होते आणि दुसरीकडे 'सूट काढली' होती, एवढाच फरक.

कूलरवाले हे शास्त्र न शिकता वापरतात. जानेवारीत ऑफ सीझन डिस्काउंटचा बोर्ड लागतो, एप्रिलमध्ये उतरतो. मे महिन्यात पूर्ण किंमत देताना कुणी भांडत नाही, उलट स्वतःलाच दोष देतो की थंडीतच घ्यायला हवा होता. हेच उलट्या बाजूने सांगितलं की काय होतं, ते कोका-कोला कंपनीने १९९९ मध्ये अनुभवलं. तेव्हाचे प्रमुख डग्लस आयव्हेस्टर यांनी ब्राझीलच्या एका मासिकाला मुलाखत देताना सांगितलं की उन्हात थंड पेयाची गरज जास्त असते, तेव्हा त्याची किंमत जास्त असणं रास्तच आहे आणि तापमान पाहून भाव वाढवणारं यंत्र हे काम आपोआप करेल. गदारोळ झाला आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. 'थंडीच्या दिवसांत स्वस्त देऊ' म्हणाले असते तर कदाचित टाळ्या मिळाल्या असत्या.

पगाराच्या बाबतीत ही चकवाचकवी महागात पडते. त्याच पाहणीत विचारलं होतं: मंदी आहे, महागाई अजिबात नाही आणि कंपनी पगार ७ टक्क्यांनी कापते. ६२ टक्क्यांना हे अन्यायाचं वाटलं. दुसऱ्या गटासाठी महागाई १२ टक्के धरली आणि कंपनी ५ टक्के वाढ देते असं सांगितलं. अन्याय म्हणणारे फक्त २२ टक्के. हिशेब करून पाहा, दोन्ही ठिकाणी कामगाराची खरेदीची ताकद जवळपास सारखीच घटली. पण पगार कापणाऱ्याचा हात दिसतो, महागाईचा हात दिसत नाही. हिंगण्याच्या एमआयडीसीत काय किंवा शहरातल्या खासगी शाळेत काय, वर्षानुवर्षं तुटपुंजी वाढ घेऊन काम करणाऱ्या माणसाचा पगार खरं तर कापलाच जात असतो. फक्त त्याला तसं कुणी पत्र देत नाही.

इथवर आलो ते भाव आणि पगारापाशी. पण या सगळ्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे: समोरच्याने असं का केलं असेल? हा प्रश्न वेगळा काढून तपासायला अर्थतज्ज्ञांनी एक खेळ रचला.

नागपुरातल्या धरमपेठेतला एक आणि महाल भागातला एक, असे दोघे घ्या. एकमेकांना ओळखत नाहीत, पुन्हा भेटणारही नाहीत. पहिल्याला १००० रुपये द्यायचे आणि सांगायचं, यातले दुसऱ्याला किती द्यायचे ते तू ठरव. दुसऱ्याने वाटा मान्य केला तर दोघांना ठरल्याप्रमाणे पैसे मिळतील. त्याने नाही म्हटलं तर दोघांनाही शून्य. खेळ एकदाच.

शुद्ध हिशेबी माणूस १० रुपयेही घेईल, कारण शून्यापेक्षा १० बरे. जर्मनीत कोलोनमध्ये वर्नर ग्युथ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या खेळाचा प्रयोग केला, त्याचा लेख १९८२ मध्ये आला. त्यानंतर जगभरात हा खेळ असंख्य वेळा खेळला गेला. साधारणपणे पहिला माणूस ४० ते ५० टक्के देऊ करतो आणि २० टक्क्यांच्या खालचा वाटा जवळपास निम्म्या वेळा धुडकावला जातो. म्हणजे माणसं अन्याय करणाऱ्याला धडा शिकवायला स्वतःच्या खिशातले पैसे जाळतात. दहाची नोट दाखवली तर महालातला माणूस काय म्हणेल, ते इथे छापता येणार नाही.

रक्कम मोठी असली तर? हे भारतातच तपासलं गेलं. ईशान्येकडच्या काही खेड्यांत २० रुपयांपासून २०,००० रुपयांपर्यंतच्या रकमा लावून हा खेळ घेतला गेला, निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांत मोठ्या रकमेला नकार जवळजवळ उरलेच नाहीत. स्वाभिमानालाही भाव असतो, हे कडू वाटलं तरी मान्य करावं लागतं. मला त्यात माणसाचा हलकेपणा दिसत नाही. महिनोन्महिन्यांच्या मजुरीएवढी रक्कम हातची जात असताना समोरच्याला अद्दल घडवत बसणं ही चैन आहे.

सगळीकडे न्यायाची कल्पना एकच आहे असंही नाही. जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या १५ छोट्या समाजांत हा खेळ नेला. पेरूतल्या माचिगेंगा लोकांनी सरासरी फक्त २६ टक्के देऊ केले आणि घेणाऱ्यांनी ते बहुधा घेतलेही. पापुआ न्यू गिनीतल्या औ आणि ग्नाऊ समाजात उलटच प्रकार. तिथे निम्म्याहून जास्त वाटा देऊ केला तरी काहींनी नाकारला. कारण तिथे मोठी भेट घेतली की माणूस देणाऱ्याच्या ओझ्याखाली येतो. लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. घेतलेला आहेर वहीत लिहावा लागतो आणि कधीतरी फेडावा लागतो.

आता मुख्य प्रयोगाकडे येऊ. झुरिकमधले आर्मिन फाल्क, अर्न्स्ट फेर आणि उर्स फिशबाखर यांनी २००३ मध्ये जो लेख छापला, तो मला या सगळ्यातला सर्वांत हुशारीचा वाटतो. त्यांनी पहिल्याच्या हातात दोनच पर्याय ठेवले. एक पर्याय कायम तोच: दहातले आठ मला, दोन तुला. दुसरा पर्याय मात्र बदलत ठेवला आणि तो काय आहे हे घेणाऱ्यालाही दिसत होतं.

दुसरा पर्याय पाच-पाच असताना पहिल्याने आठ-दोन निवडलं, तर ४४ टक्क्यांनी ते नाकारलं. समसमान वाटता येत होतं, तरी वाटलं नाहीस ना! दुसरा पर्याय 'दोन मला, आठ तुला' असा होता तेव्हा नकार २७ टक्क्यांवर आला. स्वतः दोन घे असं परक्या माणसाला कोण सांगणार? दोन्ही पर्याय आठ-दोनच असले, म्हणजे निवडायला काहीच नव्हतं, तेव्हा १८ टक्के. आणि दुसरा पर्याय 'दहाही मला, तुला काही नाही' असा होता तेव्हा फक्त ९ टक्के, कारण आता तेच दोन मेहरबानी वाटायला लागले.

घेणाऱ्याच्या हातात चारही वेळा दोनच पडणार होते. बदलला तो फक्त देणाऱ्याच्या हेतूबद्दलचा अंदाज. त्याला दुसरं काय करता आलं असतं, यावरून आपण त्याचं मन वाचतो. मधला १८ टक्क्यांचा आकडाही सोडून देऊ नका. देणाऱ्याच्या हातात काहीच नसताना अठरा टक्के माणसं आठ-दोनवर पाणी सोडतात. त्यांना हेतूशी देणंघेणं नाही, विषमताच सोसत नाही. अर्थशास्त्रात या दोन गोष्टींचे दोन पंथ आहेत. मॅथ्यू रेबिन यांनी १९९३ मध्ये हेतूला गणितात बसवलं: माझं भलं चिंतणाऱ्याचं मी भलं करीन, वाईट चिंतणाऱ्याचं नुकसान करायला पदरमोडही करीन. फेर आणि क्लाउस श्मिट यांनी १९९९ मध्ये नुसत्या वाटपातल्या विषमतेवर आपलं सूत्र उभं केलं. माझं मत विचाराल तर वरचे चार आकडे दोघांनाही थोडं थोडं खरं ठरवतात, पण जास्त माप रेबिन यांच्या पदरात टाकतात.

समोर माणूसच नसेल तर काय होतं, हे सॅली ब्लाउंट यांनी १९९५ मध्ये दाखवलं. वाटा दुसऱ्या खेळाडूने ठरवला नसून संगणकाने चिठ्ठी काढल्यासारखा ठरवलाय, असं सांगितलं की लोक बऱ्याच कमी रकमेवर समाधान मानतात. प्रिन्स्टनमधल्या ॲलन सॅन्फी यांच्या गटाने २००३ मध्ये खेळणाऱ्यांच्या मेंदूची चित्रंही घेतली. अन्यायाचा वाटा समोर आला की मेंदूतला इन्सुला नावाचा भाग जास्त चेततो. किळस वाटली की चेततो तोच हा भाग. वाटा संगणकाकडून आला तर तो इतका चेतत नाही. अवेळी पावसाने संत्र्याचा अंबिया बहार गळाला तर बागवान कपाळाला हात लावतो. पण व्यापाऱ्याने सौदा ठरल्यावर ऐन तोडणीला भाव पाडला तर तो आयुष्यभर लक्षात ठेवतो. रुपयांत नुकसान तेवढंच असेलही, पण पावसाला हेतू नसतो.

मन वाचण्याची ही आपली पद्धत निर्दोष आहे असं मात्र समजू नका. तत्त्वज्ञ जोशुआ नोब यांनी २००३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका बागेत बसलेल्या लोकांना एक गोष्ट सांगितली. कंपनीच्या अध्यक्षाला सांगण्यात येतं की नव्या योजनेने नफा वाढेल, पण पर्यावरणाचं नुकसान होईल. तो म्हणतो, पर्यावरणाचं मला काही पडलेलं नाही, नफा होऊ द्या. नुकसान होतं. त्याने ते मुद्दाम केलं का? ८२ टक्के म्हणाले, हो. दुसऱ्या गटाला हीच गोष्ट सांगितली, फक्त 'नुकसान'च्या जागी 'फायदा' घातला. अध्यक्ष तेच बोलतो आणि पर्यावरणाचं भलं होतं. ते मुद्दाम केलं म्हणणारे फक्त २३ टक्के. अध्यक्षाच्या डोक्यात दोन्ही वेळा नफाच होता. पण वाईट घडलं की आपण त्यात हेतू शोधून काढतो आणि चांगलं घडलं की योगायोग म्हणून सोडून देतो. भाव वाढवणारा दुकानदार आपल्याला नावानिशी आठवतो. उन्हाळाभर त्याच भावाने ताट्या विकणारा शेजारचा दुकानदार कुणाला आठवतो?

हेतूवरूनच दोष ठरत असेल तर हुशार माणूस हेतू लपवायला शिकणार, हे ओघानेच आलं. झुरिकमधले ब्योर्न बार्टलिंग आणि आधीच्या प्रयोगातलेच उर्स फिशबाखर यांनी २०१२ मध्ये याचाही खेळ करून पाहिला. एका माणसाला दोन पर्याय: चौघांना पाच-पाच, किंवा त्याला स्वतःला आणि आणखी एकाला नऊ-नऊ आणि उरलेल्या दोघांना एक-एक. हा निर्णय त्याने स्वतः घ्यायचा किंवा नऊच्या त्या दुसऱ्या वाटेकऱ्यावर सोपवायचा. ज्यांच्या वाट्याला एक-एक आला त्यांना शिक्षा करायची मुभा होती. पहिल्याने स्वतः अन्याय केला तर शिक्षा त्याला. त्याने निर्णय सोपवला आणि दुसऱ्याने अन्याय केला, तर शिक्षेचा मोठा भाग त्या दुसऱ्यावर. सोपवणारा नऊचा वाटा घेऊन जवळजवळ सुटला! घरभाडं वाढवायचं असलं की घरमालक स्वतः न बोलता एजंटला पुढे करतो. खिडकीवरचा कारकून म्हणतो, "वरून आदेश आहे." वर कोण, हे विचारायला जिना नसतो.

आणि आता तो 'वरचा' ॲप झालाय. संध्याकाळी धो धो पाऊस सुरू आहे, स्टेशनवर उतरलात आणि मोबाइलवर गाडीचं भाडं नेहमीच्या दीडपट दिसतंय. रिक्षावाल्याने तोंडाने तेवढंच मागितलं असतं तर भांडण पेटलं असतं. ॲपवर आपण चडफडत बटण दाबतो, कारण आकडा कुणी सांगितला तेच कळत नाही. ब्लाउंट यांच्या प्रयोगात संगणक खरोखरच चिठ्ठी काढत होता, त्याला कुणाची अडचण माहीत नव्हती. ॲपमधल्या गणिताचं तसं नसतं. पाऊस पडला की भाडं किती चढवायचं, हे कुणीतरी पगार घेऊन ठरवलेलं असतं. भाव वाढल्याने जास्त गाड्या रस्त्यावर येतात, हा कंपन्यांचा युक्तिवाद काही अंशी खरा आहे. पण तो ताटीवाल्यालाही लागू होता आणि त्याला आपण चोर म्हटलं होतं.

केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत या वाढीला मूळ भाड्याच्या दीडपटीची मर्यादा होती, २०२५ च्या सूचनांत ती दुपटीपर्यंत गेली. त्याने आकड्याला लगाम लागतो. राग मात्र भलत्याच माणसावर निघतो. भाडं ठरवलं दुसऱ्याच शहरातल्या कुठल्यातरी ऑफिसने, आणि पावसात भिजत आलेल्या ड्रायव्हरला गिऱ्हाईक उतरता उतरता एक स्टार देऊन मोकळं होतं.